कॉसमॉस उपटा, सोनकी फुलू द्या

पावसाळा सरताना पुण्याच्या टेकड्या केशरी-पिवळ्या होतात आणि समाजमाध्यमांवर फोटोंचा पूर येतो. हा रंग बहुतांशी कॉसमॉसचा. मूळची मेक्सिकोकडची ही बागेतली झाडं आता माळावर इतकी दाट माजतात, की सोनकी, तेरडा, कवळा या इथल्या रानफुलांना जागाच उरत नाही. काही स्वयंसेवक गट ती उपटून काढतात, त्यांचे मनापासून कौतुक. मात्र हे काम बी धरण्याआधी व्हायला हवे. फुले पिकल्यावर झाडे ओढली, तर आपल्याच हाताने पेरणी होते! जमिनीत पडलेले बी पुढच्या पावसात उगवतेच, म्हणून त्याच जागी दरवर्षी जावे लागते. फोटो काढून मोकळे होण्याचे हे काम नव्हे.

आणखी एक विनंती. गवताळ उतार म्हणजे ओसाड जमीन, असे समजून तिथे खड्डे खणून रोपे लावू नयेत. टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) दाट सावलीत काय उरते, ते टेकडीवर फिरणाऱ्यांनी पाहिलेच आहे. आपली रानफुले उघड्या, पातळ मातीतली. उन्हाळ्यात गवताला लागणारे वणवे रोखायलाही माणसे हवीत. रोपे लावायला येणाऱ्यांपैकी निम्मे तिकडे वळले तरी पुष्कळ.

– एक टेकडीप्रेमी, पुणे