मांजरांचं कार्ड पोचलं

सातारा

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. चित्र बघायच्या आधी मी कार्ड उलटं केलं. टपाल खात्यातल्या ३४ वर्षांची सवय. सातव्या एडवर्डचं अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट, १९०७चा शिक्का, आणि डावीकडे बाईच्या अक्षरात एवढंच, की उद्या साडेचारच्या गाडीने येते, छत्री घेऊन ये. इंग्लंडात पत्त्याशेजारी मजकूर लिहायची मुभा १९०२ साली मिळाली. त्याआधी ती बाजू फक्त पत्त्याची. निरोप चित्राच्या कडेला कोंबावा लागे. मुभा मिळाली आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी झाली. म्हणून तर चित्रकार लुई वेनची ही मांजरं अशी ऐसपैस चहाला बसली आहेत!

एका डोळ्याला काच लावलेला तो बोका झकासच. पण माझा जीव जडला कोपऱ्यातल्या पिल्लावर. पंजा दुधाच्या भांड्यात, नजर आईवर. अर्ध्या पेनीच्या कार्डातला कोपरासुद्धा त्या माणसाने रिकामा सोडला नाही.

त्याच्याविषयी वाचून काढलं. बायको एमिली कर्करोगाने अंथरुणावर. घरात पीटर नावाचं काळंपांढरं मांजर. तिला हसू यावं म्हणून हा पीटरची चित्रं काढायचा. १८८६च्या नाताळात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्याच्या मांजरांची मेजवानी छापून आली. ती मांजरं अजून चार पायांवर, बिनकपड्यांची. लगेच जानेवारीत एमिली गेली. कोट, टोप्या, चहापानं सगळं त्यानंतरचं. जिच्यासाठी काढायचा ती नाही, आणि हात मात्र हसवतोच आहे. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

चित्रं हक्कासकट विकून टाकायचा, त्यामुळे म्हातारपणी हाती काही उरलं नाही. १९२४ साली मनोरुग्णालयाच्या गरिबांच्या वॉर्डात गेला. लोकांना कळलं तेव्हा त्यांनी वर्गणी काढून त्याला चांगल्या जागी हलवलं. शेवटी होता त्या नॅप्सबरीच्या रुग्णालयाला बाग होती, बागेत मांजरं होती.

आईचा गुडघा अजून दुखतो. कार्ड तिच्या उशाशी ठेवलंय. पिल्लू बघून म्हणाली, "मीराच ही, साय चोरताना."

पुढचं कार्ड पाकिटात घालू नकोस. जुनं कोरं मिळालं तर त्यावरच चार ओळी लिही आणि उघडंच टाक. शिक्का पडेल, पडू दे.

तुझे,
बाबा