सप्ताह संपल्यावर पोथी बासनात बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांच्या बातम्या सध्या आपल्या अंकात येत आहेत. ज्ञानेश्वरी पारायणाला किती वाचक बसले, काल्याच्या कीर्तनाला किती गर्दी लोटली, हे त्यात असते. काला झाला की बहुतेक पोथ्या बासनात जातात आणि पुढच्या सप्ताहालाच बाहेर निघतात, हे मात्र छापून येत नाही. त्यासाठी हे पत्र.

ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा आणि ओव्या सुमारे नऊ हजार. सात दिवसांत पारायण पुरे करायचे तर दिवसाला १२९० च्या आसपास ओव्या वाचाव्या लागतात. रोज सहा तास बैठक झाली तरी एका ओवीच्या वाट्याला सतरा सेकंद येतात, तेही पाणी प्यायला न उठता. सामुदायिक पारायणाचे मोल मोठे आहे. उच्चार तिथेच सुधारतात, एका जागी बसण्याची सवय लागते, आणि ज्याने एरवी पोथी हातात धरली नसती तोही व्यासपीठ चालकामागे, म्हणजे पुढे बसून पारायण सांगणाऱ्याच्या मागोमाग, वाचू लागतो. पण नामदेवरायांनी ‘एक तरी ओवी अनुभवावी’ असे सांगून ठेवले आहे. त्यासाठी सप्ताहाचा वेग उपयोगाचा नाही.

आयुष्य थोडे आहे, हे सांगण्याचा अधिकार ज्ञानेश्वर महाराजांइतका कोणाचा? परंपरेप्रमाणे जन्म शके ११९७, नेवाशाला ग्रंथ सांगितला तो शके १२१२ मध्ये, आळंदीची समाधी शके १२१८. सगळी मिळून एकवीस वर्षे. गीतेतल्या ‘अनित्यमसुखं लोकम्’ या चरणावर नवव्या अध्यायात त्यांनी जे लिहिले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. बाळ वाढते तसे घरचे कौतुकाने नाचतात. आतून त्याचे आयुष्य सरत चालले आहे, याची कोणाला खंत नाही. साप बेडकाला गिळतो आहे आणि बेडूक माश्यांसाठी जीभ वळवळवतो आहे. ‘शतजर्जर नावे । रिगोनि केवीं निश्चिंत होआवें’ म्हणजे शंभर ठिकाणी फुटलेल्या होडीत बसून निश्चिंत कसे राहावे, असा प्रश्न आहे, आणि शेवटी सांगणे आहे: ‘तरि झडझडोनि वहिला निघ । इये भक्तीचिये वाटे लाग’. निघायची घाई करायला त्यांनी सांगितले आहे, वाचून संपवायची नाही.

रोज पंचवीस ओव्या वाचल्या तर वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटे, अर्थाला दहा, एक ओवी निवडून वहीत उतरवायला तीन. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. प्रत सार्थ आणि ठळक अक्षराची घ्यावी. साखरे महाराजांची सांप्रदायिक प्रत किंवा सोनोपंत दांडेकरांची, कोणतीही चालेल. चार जण मिळून वाचणार असतील तर सगळ्यांकडे एकच प्रत हवी. प्रतीप्रतींत ओव्यांचे क्रमांक एक-दोनने सरकतात आणि निम्मा वेळ ओवी शोधण्यात जातो.

सुरुवात पहिल्या अध्यायापासून केली की पुष्कळांचे वाचन तिथेच अडते. आरंभीच्या गणेशाच्या रूपकात वेद, पुराणे, दर्शने असे सगळे शास्त्र गणपतीच्या अवयवांवर बसवलेले आहे. ते रूपक अपूर्व आहे, पण नवख्याला पेलत नाही. आमचे मत असे की आरंभ बाराव्यापासून करावा. भक्तियोगाचा हा अध्याय २४७ ओव्यांचा, म्हणजे दहा दिवसांचा. मग नववा, मग पंधरावा, आणि नंतर पहिल्यापासून क्रमाने. सहाव्यात कुंडलिनीचे वर्णन येते. ते वर्णन म्हणून वाचावे. पुस्तकावरून श्वासाचे प्रयोग करू नयेत. तेराव्यात पुन्हा गळती होते, कारण ज्ञानाच्या लक्षणांपैकी अहिंसेसारख्या एकेका लक्षणावर पानेच्या पाने आहेत. तिथे ओव्या मोजणे सोडावे आणि एका लक्षणाला लागतील तितके दिवस द्यावेत. अठराव्याच्या १८१० ओव्यांना अडीच महिने लागतात. तोवर सवय मुरलेली असते.

सगळ्यात जास्त चुका दृष्टांतात होतात. ज्ञानेश्वरीत वाक्य ओवीबरोबर संपत नाही. उपमा तीन-चार ओव्या चालते आणि ‘तैसा’ आला की अर्थ उलगडतो. पंचविसावी ओवी झाली म्हणून मध्येच थांबले तर नुसती चित्रे हाती राहतात. बाराव्यातल्या शत्रुमित्रांच्या ओव्या घ्या. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असे करत नाही. मग ‘जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा’. मग उसाचा दृष्टांत: पाळणाऱ्याला गोड आणि गाळणाऱ्याला कडू, असे तो होत नाही. त्यानंतर ‘अरिमित्रीं तैसा’ येते आणि चारही ओव्या एकदम उजळतात. यातला ‘कां’ प्रश्नार्थक नाही, त्याचा अर्थ ‘किंवा’, ‘नातरी’चाही तोच. किरीटी, पांडव, धनुर्धर ही सगळी अर्जुनाचीच नावे. एवढे ध्यानात राहिले तरी पहिल्या महिन्यातली निम्मी अडचण संपते. ओव्यांच्या आधी गीतेचा मूळ श्लोक वाचावा, म्हणजे हे सगळे कशावर चालले आहे याचा धागा हातात राहतो.

वहीत उतरवायची ओवी गोड लागली म्हणून निवडू नये. त्या दिवशी जी वागून पाहता येईल, ती घ्यावी. वृक्षाची ओवी घेतली तर बांधावरून भांडलेल्या भावाशी किंवा कार्यालयात आपली कागाळी करणाऱ्याशी त्या दिवशी नेहमीसारखे बोलता आले का, एवढेच रात्री पाहावे. आले नाही तर दुसऱ्या दिवशी तीच ओवी. आठवडा लागला तरी हरकत नाही. पुढचे वाचन चालू ठेवावे. आयुष्याला टिकाऊ अर्थ कुठून मिळवायचा, असे लोक कळवळून विचारतात. अशा एकेका ओवीपाशी तो थोडा थोडा हाताला लागतो.

खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी पन्नास ओव्या वाचून वसुली करू नये. तिसऱ्या दिवशी पंच्याहत्तर होतात आणि चौथ्या दिवशी पोथी उघडतच नाही. वर्षाऐवजी चौदा महिने लागले तर लागू द्यावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी वाचायचे असेल तर पाच ओव्या पुरेत, बाराव्या किंवा पंधराव्यातल्या, हळू आवाजात. परदेशातल्या मुलानातवंडांबरोबर व्हिडिओ कॉलवर वाचणाऱ्यांनी एकसुरात म्हणण्याचा हट्ट सोडावा. आवाज मागेपुढे होऊन गोंधळ होतो. एकाने वाचावे, बाकीच्यांनी म्यूटवर राहून ओवीवर बोट ठेवावे, आणि वाचणारा रोज बदलावा.

सप्ताह समित्यांना विनंती आहे की काल्याच्या दिवशी महाप्रसादाआधी दहा मिनिटे काढून दुसऱ्या दिवसापासून कोण कोण रोज वाचणार, कुणाच्या ओट्यावर आणि किती वाजता, हे ठरवून टाकावे. आणि आपल्याला विनंती अशी की, अंकात रोज एक दृष्टांत सार्थ छापावा. एक ओवी नको. ‘तैसा’ येईपर्यंतच्या सगळ्या ओव्या छापाव्यात. दोन बोटे जागा पुरेल.

आपले,
ज्ञानेश्वरीचे काही नित्यवाचक