महाबळेश्वरचं बुकिंग थांबव, दादा

स्टुटगार्ट, ५ सप्टेंबर

ती. दादास व सौ. वहिनींना सा. न. वि. वि. मायला साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आपला खान्देशमा काय शे देखाले?" आणि महाबळेश्वरच्या बुकिंगचं काढलंस. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून लिहूनच पाठवतोय. आपल्याकडं जागा नाहीत असं नाही, आपण महिना चुकवतो. शाळांना सुट्टी मे महिन्यात, तेव्हा धबधब्याच्या जागी काळा खडक आणि डोंगरावर वाळकं गवत. मग लोक म्हणतात, काही नाही तिथं. सातपुड्याचं आणि अजिंठ्याच्या रांगेचं पाणी दसऱ्यापर्यंत जोरात असतं, दिवाळीनंतर ओसरतं. त्या हिशोबानं बेत आखा.

सातपुड्यातलं तोरणमाळ पहिलं, पण आत्ता लगेच नको. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वर धुकं इतकं बसतं की सीताखाईच्या काठावर उभं राहून खाईच दिसत नाही. नोव्हेंबर उजाडला की आभाळ स्वच्छ, पण धबधबा बारीक होतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा दुसरा, एवढ्यातच पाणीही असतं आणि दरीही दिसते. ठिकाण अकराशे मीटरच्या आसपास उंच. हजार मीटरला साधारण सहा अंश धरले, तर धुळ्यापेक्षा पाच अंशांनी तरी गार. मायची शाल आणि पोरांचे स्वेटर विसरू नका, रात्री लागतातच.

दोंडाईच्यावरून शहादा, पुढं म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, पण दोन तास धर. टाकी शहाद्यातच फुल्ल कर, रोख पैसेही तिथंच काढ. वर मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचेही वांधे. घाटात चढताना गाडी त्रास देत नाही, उतरताना देते. माणूस न्यूट्रलला किंवा चौथ्या गिअरला सोडून सारखा ब्रेकवर पाय ठेवतो, लायनर तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला ब्रेक धरतच नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. वास आलाच तर रुंद जागा बघून वीस मिनिटं थांब. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नकोस, डिस्क वाकडी होते. अंधार पडायच्या आत घाट संपलेला बरा, कारण रस्त्यात बकऱ्या आणि गुरं असतात.

वर यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुहा, कमळ तलाव आणि सीताखाई. दुपारपर्यंत सगळं "बघून" होतं आणि लोक परत फिरतात, ही खरी चूक. एक मुक्काम करा. सीताखाईला सकाळी नऊ-साडेनऊनंतर जा, त्याआधी दरीत ऊन उतरत नाही. काठावरचं गवत गुडघ्याएवढं असतं आणि त्याखालचे दगड सुटे असतात. गवत संपलं तिथं जमीन संपली असं समजून चार पावलं अलीकडंच थांबायचं, धाकट्याचा हात सोडायचा नाही. यशवंत तलाव मात्र संध्याकाळचा. वारा पडला की पाणी आरशासारखं होतं, माय तिथं निवांत तासभर बसेल. राहायला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि वनखात्याचं विश्रामगृह आहे, पण फोन करून खोली पक्की झाल्याशिवाय निघू नका. महाशिवरात्रीला यात्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

येताना रस्त्याकडेला आमचूर दिसला तर घ्या. अक्राणीकडचा आमचूर नावाजलेला आहे. कैरीच्या वाळवलेल्या फोडी मिळाल्या तर त्याच घ्या. पूड घेतली तर आत काय मिसळलंय ते कळत नाही.

आता पाटणादेवी, आणि हे याच महिन्यात करा. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून अठरा किलोमीटर. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये चंडिकेचं देऊळ, शेजारून डोंगरी नदी. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, म्हणून नाक्यावर पावती घ्यावी लागते आणि सूर्य मावळायच्या आत बाहेर पडावं लागतं. बिबट्या आहे, नियम उगाच नाही. नुसतं देवीचं दर्शन घेऊन परत येऊ नका. थोडं अलीकडं महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. बाहेरच्या भिंतीशी अगदी जवळ उभं राहून दोन दगडांमधला सांधा पोरांना नखानं शोधायला सांग. बऱ्याच ठिकाणी नख शिरत नाही.

थोरलीला गणित आवडतं ना, तर तिला हे सांग. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं याच पाटण्याला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, आणि त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला किती वाटा द्यायचा हे चक्क जुन्या मराठीत कोरलंय. भास्कराचार्य मूळ कुठले यावर विद्वान भांडत राहोत, शाळा आपल्या चाळीसगावची होती.

देवळामागून केदारकुंडाच्या धबधब्याकडं नदीच्या पात्रानं वाट जाते. शेवाळलेल्या गोट्यांवर चप्पल टिकत नाही, मागं पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. इथं पाणी अचानक वाढतं. पाऊस वर कन्नडच्या पठारावर पडतो, खाली ऊन असतं आणि तासाभरात पात्र भरून येतं. २०२१च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगाव तालुक्यातली गावं पाण्यात गेली, ते पाणी याच डोंगरांचं होतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, की फोटो बाजूला ठेवून काठ चढायचा. पितळखोऱ्याची लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, याच डोंगरात वर आहेत. पायवाट माहीतगार माणसाशिवाय धरू नका, आणि मायला तर नकोच. कन्नडवरून गाडीनं जाता येतं, पण मग तो वेगळा दिवस. कड्याला आग्या मोहळ लटकलेलं दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको.

मनुदेवीचं तुम्हाला माहीत आहेच. यावल-चोपडा रस्त्यावर आडगावहून आत वळायचं. देवळामागचा धबधबा पाऊस थांबल्यावर फार दिवस टिकत नाही. रविवार टाळा, वाटेत गाड्या अडकून पडतात. पद्मालय एरंडोलहून जवळ, कमळं बघायची तर सकाळी दहाच्या आत पोचायचं, ऊन चढलं की फुलं मिटतात. गणपती दोन आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या, हे पोरांना आधी सांगू नका, त्यांनाच ओळखू दे. अडावदजवळचं उनपदेव हिवाळ्यात ठेवा. गरम पाण्याचा झरा ऑक्टोबरच्या उन्हात कोणाला हवाय? सातपुड्यातल्या पाल गावाचं मी मुद्दाम लिहीत नाही, वहिनींचं माहेर रावेरचं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

डिसेंबर-जानेवारीत भुसावळकडच्या हतनूर धरणाच्या जलाशयावर परदेशी बदकं उतरतात. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, नाहीतर सगळी काळीच दिसतात. भडक कपडे नकोत, दुर्बीण हवी. माझी जुनी माडीवरच्या लोखंडी पेटीत आहे, भिंगांना बुरशी धरली नसेल तर. तिथून चांगदेव गावातलं देऊळ आणि तापी-पूर्णेचा संगम जवळच.

आणि लळिंगचा किल्ला? घरापासून दहा किलोमीटर, महामार्गावरून रोज दिसतो, म्हणून कोणी चढत नाही. सकाळी सहाला पायथा गाठला तर ऊन चढायच्या आत खाली येता. टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं समजू नका, माणशी दोन लिटर घेऊन जा.

जेवणाचं म्हणशील तर शेवभाजी कुठल्याही ढाब्यावर मिळते, पण पाटण्याला डबा घरचाच न्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा दुपारपर्यंत टिकतो, भरीत मात्र उन्हात आंबतं. माकडं पिशवी ओढतात, डबा गाडीतच उघडा.

स्टेपनीत हवा आहे का ते आजच बघ. आणि पाटण्याला कोणत्या तारखेला निघताय ते कळव, आदल्या दिवशी मी कन्नडकडचा पावसाचा अंदाज बघून फोन करतो.

तुझा,
बापू