दुसऱ्या पसंतीचं मत

डब्लिन,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

विधानसभेच्या निकालावरचं तुझं खरमरीत पत्र डिसेंबरातच मिळालं. कुडाळात वैभव नाईक पडले, निलेश राणे आले, त्यावर नाक्यावर काय काय बोललं जातंय ते तू इतकं रंगवून लिहिलंयस की दोन्ही बाजूंच्या शिव्या मला इथे ऐकू आल्या. उत्तर मुद्दाम लांबवलं. इथलं, आयर्लंडचं, मतदान तुमच्या निकालानंतर सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला झालं, पण सरकार बसायला २३ जानेवारी उजाडली. अर्धवट गजाली सांगण्यात काय मजा?

आधी इथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. लिओ यंदा उभेच नव्हते. गेल्या मार्चमध्ये घटनादुरुस्तीच्या दोन सार्वमतांत सरकार सपाटून हरलं, त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्यांनी पंतप्रधानपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि जुलैत म्हणाले की आता निवडणूकही लढवणार नाही. वय पंचेचाळीस! आपल्याकडे या वयाचा माणूस युवा आघाडीचा अध्यक्ष असतो. २०१९ च्या डिसेंबरात ते वडिलांच्या गावी, आपल्या मालवणजवळच्या वराडला आले तेव्हा गर्दीत घुसून तू काढलेला फोटो जपून ठेव. त्यांच्या डब्लिन वेस्टमधून यंदा त्यांच्याच फिने गेल पक्षाच्या एमर करी निवडून आल्या. पण तुला हे ठाऊक नसेल, २०२० मध्ये पंतप्रधान असूनसुद्धा लिओ स्वतःच्या मतदारसंघात पहिले आले नव्हते. पहिला आला शिन फेन या विरोधी पक्षाचा उमेदवार. लिओ पाचव्या फेरीत आले.

आता ही पाचवी फेरी काय भानगड आहे, ते. तुला फार समजावायला नको, कारण आपले आमदार विधान परिषदेला असंच मत देतात. जुलैत अकरा जागांना बारा उमेदवार होते आणि शेकापचे जयंत पाटील पडले, तेव्हा ‘पहिल्या पसंतीची मतं’, ‘कोटा’ असं सगळं तुम्ही टीव्हीवर ऐकलंच असेल. तेच इथे साधा मतदार करतो. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून द्यायचे. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आडनावाच्या क्रमाने, शेजारी फोटो. आपण पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे टाकायचे, जितके टाकावेसे वाटतील तितके. आमच्या डब्लिन सेंट्रलला चार जागा. एकूण वैध मतांचे पाच भाग करायचे, त्यातल्या एका भागात एक मिळवायचा, तेवढी मतं झाली की माणूस आला. त्याच्या वरची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटून टाकायची. कोणीच कोट्याला पोचत नसेल तर सगळ्यात खालचा बाद, आणि त्याचे कागद उचलून ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीच्या गठ्ठ्यात. चार जागा भरेपर्यंत हेच.

या पद्धतीने माणसं किती गोड बोलतात बघ. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच काळोख पडतो. त्या काळोखात, पावसात, एक उमेदवार आमच्या दारात उभी. मी खरं ते सांगितलं, की माझं पहिलं मत दुसऱ्याला ठरलंय. आपल्याकडे अशा वेळी कार्यकर्ता डोळ्यांनीच नाव लिहून घेतो. ही बाई म्हणाली, ‘छान माणूस आहे तो. मग मला दोन नंबर द्याल?’ आणि ज्याच्याविरुद्ध लढतेय त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलून ओल्या छत्रीसकट पुढच्या घराकडे गेली. मनातून नसेल वाटलं तिला तसं, पण बोलावं लागलं ना! माझ्या पहिल्या उमेदवाराला ती शिव्या देती तर माझा दोन नंबर गेलाच असता.

मोजणी बघायला मी गेलो होतो. शेजारच्या आजी एका पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या, त्यांनी पास मिळवून दिला. आरडीएस म्हणून प्रदर्शनाची मोठी जागा आहे, तिथल्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडलेली. सकाळी नऊला पेट्या फुटल्या. कर्मचारी एकेक कागद उलगडून चेहरा वर करून ठेवतात. टेबलाला कठडा, आणि कठड्याच्या अलीकडे पक्षांची माणसं अक्षरशः ओणवी झालेली. एक जण कागद वाचून नाव पुटपुटतो, दुसरा पुठ्ठ्याच्या पॅडवर रेघ मारतो. पेटी कुठल्या शाळेतली, कुठल्या गल्लीची, ते ठाऊक असतं, त्यामुळे कुठे काय चाललं हे तासाभरात कळतं. आणि ऐक, एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष ही टेबलं आपसात वाटून घेतात आणि आकडे एकत्र करतात! अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी हॉलमधल्या सगळ्यांना अंदाज आलेला असतो. आमच्या आजी तिथे सँडविच खात प्रतिस्पर्धी पक्षाच्या माणसाला सांगत होत्या, ‘तुझी ती तिसरी पेटी फार वाईट गेली रे.’

यंदा आमच्याच मतदारसंघावर सगळे कॅमेरे होते, कारण जेरी हच. गुन्हेगारी जगतातलं इथलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. २०२३ मध्ये खुनाच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला. गेल्या ऑक्टोबरात स्पेनमध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासात अटक झाली आणि जामिनावर सुटून येऊन अपक्ष उभा राहिला. पहिल्या पसंतीची ३,०९८ मतं पडली, आणि तो चौथा! जागा चार. आपली पद्धत असती तर त्या रात्री गुलाल उधळला गेला असता. इथे फेऱ्या सुरू झाल्या. एकेक बाद होत गेला, कागद सरकत गेले. त्याला ज्यांनी एक नंबर दिला त्यांनी मनापासून दिला होता, पण बाकीच्यांपैकी फार थोड्यांनी त्याला दोन किंवा तीन नंबर दिला होता. लेबर पक्षाच्या मारी शेरलॉक मागून हळूहळू चढत आल्या; ग्रीन आणि इतर डाव्या मंडळींची मतं त्यांच्याकडे वळली आणि शेवटी त्यांनी त्याला गाठून मागे टाकलं. रविवारी तो स्वतः हॉलमध्ये आला, तेव्हा पत्रकारांची अशी झुंबड उडाली की कठड्याशी रेघा मारणाऱ्या आमच्या आजी वैतागून खुर्चीवर जाऊन बसल्या.

मला यातलं महत्त्वाचं हेच वाटतं, दत्ता. आपल्याकडे सत्तर टक्के लोकांना नको असलेला माणूस तीस टक्क्यांवर आरामात येतो. इथे ‘हा नकोच’ असं म्हणणाऱ्यांनाही मोजलं जातं. एक वर्षापूर्वी, २३ नोव्हेंबर २०२३ ला, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पार्नेल स्क्वेअरशी मुलांवर चाकूहल्ला झाला आणि त्या रात्री परदेशी लोकांच्या नावाने बसगाड्या जाळल्या गेल्या. मुलांना आठवडाभर मी एकटं बाहेर सोडलं नव्हतं. त्या रागावर स्वार होऊन यंदा बरेच जण उभे राहिले होते. मतं त्यांना पडली, नाही असं नाही. पण पुढची पसंती कोणी दिली नाही आणि उघडउघड तसल्या पक्षांचा एकही जण डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, पोचला नाही.

तू विचारलंस, युरोपात राहून कागद कसले मोजता, मशीन नाही का? होती! डब्लिन वेस्टसकट तीन मतदारसंघांत २००२ ला वापरून पाहिली. मग देशभरासाठी सात हजारांवर यंत्रं घेतली, पन्नास मिलियन युरोंच्या वर खर्च. २००४ मध्ये तज्ज्ञ आयोगाने सांगितलं की ही बिनचूक आणि गुप्त आहेत याची खात्री देता येत नाही. झालं, गोदामात गेली. गोदामाचं भाडं भरत राहिले वर्षानुवर्षं, आणि २०१२ मध्ये सत्तरेक हजार युरोंना भंगारात. तुमच्या माळशिरसजवळच्या मारकडवाडीत लोक स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायला निघाले आणि पोलिसांनी होऊ दिलं नाही, ते मी इथे वाचलं. यंत्रात गडबड असते असं माझं म्हणणं नाही. पण हरलेल्या माणसाला त्याच्या डोळ्यांदेखत तीन दिवस हरताना बघता आलं, तर तो चौथ्या दिवशी शंका काढत नाही. तुम्हाला दुपारपर्यंत निकाल लागतो याचं कौतुक, मला त्याचं फारसं नाही.

बरं, निकाल. जागा १७४. फिआना फॉल ४८, शिन फेन ३९, फिने गेल ३८. मग लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्स ११-११, बाकी अपक्ष आणि किरकोळ. ग्रीन १२ वरून १! सरकारात बसून शिव्या खाल्ल्या त्यांनी, फळ मोठ्या पक्षांनी नेलं. धाकट्या भागीदाराचं हे दुखणं तुला महाराष्ट्रात राहून समजावायला नको. एक्झिट पोलने तिन्ही मोठ्या पक्षांना वीस-एकवीस टक्क्यांच्या आसपास दाखवून सगळ्यांची झोप उडवली होती. प्रत्यक्षात फिआना फॉल २१.९, फिने गेल २०.८, शिन फेन १९. शिन फेनची गोष्ट मजेदार आहे: २०२० ला २४.५ टक्के मतं होती तेव्हा ३७ जागा, आता मतं इतकी घसरूनही ३९. त्या वेळी त्यांनी ४२च उमेदवार उभे केले होते, त्यामुळे जास्तीची मतं घ्यायला त्यांचाच दुसरा माणूस नव्हता. उलट फिआना फॉल आणि फिने गेल. १९२२-२३ च्या यादवी युद्धात एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांचे हे दोन वारस. आता त्यांचे मतदार एक नंबर याला, दोन नंबर त्याला असं देतात आणि दोघंही फुगतात.

मतदान मात्र ५९.७ टक्के. शंभर वर्षांतला नीचांक. तुमच्याकडे ६६. घरभाडं परवडत नाही म्हणून तिशीतली पोरं आईबापांकडे राहतात किंवा ऑस्ट्रेलिया गाठतात, ती मतदानाला कुठून येणार? प्रचारात सांगितलं जात होतं की २०२४ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास घरं बांधून होतील. नवं सरकार बसतंय न बसतंय तोच सरकारी आकडा आला, ३०,३३०. निकाल लागल्यावर बरं आलं ना! हे मला आवडलं नाही, आणि कोणी फारसं ओरडलंही नाही.

सरकार बनवण्याचा तमाशा तर तुला फार आवडला असता. फिआना फॉल आणि फिने गेल दोघांचे मिळून ८६, बहुमताला हवेत ८८. मग अपक्षांची मनधरणी. मायकल लोरी म्हणून मुरलेला गडी त्यांच्यातल्या एका गटाचा म्होरक्या. केरी परगण्यातून आलेले दोन हीली-रे बंधू वेगळेच, त्यातला एक कायम टोपीत. आपल्या गावच्या रस्त्यांसाठी सौदा कसा करावा ते त्यांच्याकडून शिकावं. सगळं ठरलं, आणि २२ जानेवारीला सभागृहात भलताच घोळ: सरकारला पाठिंबा देणाऱ्या अपक्षांना विरोधी बाकांवरून बोलायची वेळ हवी! विरोधक उठून ओरडायला लागले, पुन्हा पुन्हा कामकाज थांबलं आणि पंतप्रधान न निवडताच सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी फिआना फॉलचे मिहॉल मार्टिन ९५ विरुद्ध ७६ ने पंतप्रधान म्हणून निवडून आले. २०२७ च्या नोव्हेंबरात ते खुर्ची फिने गेलच्या सायमन हॅरिसना देणार, असा लेखी करार आहे. लेखी. तुला हसू येईल ते मला दिसतंय.

आणि त्याच्याच दुसऱ्या दिवशी एओविन वादळ. सात लाखांवर घरं-दुकानं अंधारात, पश्चिमेकडे काहींची वीज अजून नाही. आमच्याकडे फक्त मागचं कुंपण पडलंय, ते उभं करायला माणूस मिळत नाही.

आईला मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला दाखवायचं आहे, त्याआधी पाच दिवस मालवणात असेन. कोकमं आणू नकोस, मागची अजून आहेत. माशांचं मात्र बघ. वहिनींना नमस्कार, चिंटूची दहावी कशी चाललीय ते कळव.

तुझा,
अविनाश