महामारीची तयारी पत्त्याच्या रकान्यापासून

संपादक महोदय,

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात सापडले. त्यानंतर उभी राहिलेली वॉर रूम, खाटांचा डॅशबोर्ड, घरोघरचे सर्वेक्षण हे सगळे तात्पुरत्या आदेशांवर आणि त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या धडपडीवर चालले. आदेशाची मुदत संपते, अधिकाऱ्यांची बदली होते. त्यामुळे जे कामाचे ठरले ते आताच कायमच्या कार्यपद्धतीत उतरवायला हवे, आणि सुरुवात अगदी साध्या जागी करावी लागेल: रुग्णाच्या पत्त्यापासून.

प्रयोगशाळेच्या अर्जावर पत्ता मोकळ्या रकान्यात लिहिला जातो. ‘मारुती मंदिराजवळ, धनकवडी’, आणि सोबत पिनकोड. पिनकोड टपालाच्या बटवड्यासाठी आखलेला आहे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दींशी तो जुळत नाही. मग एकच यादी दोन कार्यालयांत फिरते आणि रुग्ण तिसऱ्याच्या हद्दीत निघतो. वाकडला राहणाऱ्याने औंधात तपासणी केली, तर नमुना पुण्याचा आणि रुग्ण पिंपरी-चिंचवडचा. घोरपडी-वानवडी भागात तर कॅन्टोन्मेंटची, म्हणजे लष्करी छावणीची, हद्दही मध्ये येते. संपर्कातल्या लोकांना गाठायचे पहिले दोन दिवस या शोधाशोधीतच जातात, आणि साथ नेमकी त्याच दोन दिवसांत पसरते.

यावर उपाय महागडा नाही. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि तो भाडेकरूच्या घरातही सापडतो. मिळकतकराचा क्रमांक भाडेकरूला बहुधा ठाऊक नसतो. प्रत्येक ग्राहक क्रमांक कोणत्या क्षेत्रीय कार्यालयात येतो, याची जोडणी एकदा करून ठेवावी. वस्तीत एका मीटरवर चार घरे असतील, तिथे जवळच्या अंगणवाडीचा क्रमांक लिहावा. अर्ज भरतानाच मोबाइलवर ओटीपी पाठवून नंबर खरा आहे ना, ते पाहावे. दोन्ही महापालिका, तिन्ही कॅन्टोन्मेंट आणि जिल्हा परिषद यांनी अर्जाचा हाच एक नमुना वापरावा. तो बंधनकारक करणारा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.

दुसरी गोष्ट निर्बंधांची. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर जाहीर केले. तपासणी झालेल्यांत बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, असे आकडे त्यात होते. त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुकान उघडेल की नाही, याचा अंदाज दुकानदाराला बांधता येऊ लागला. त्याआधीचे वर्षभर हे रात्री उशिरा निघणाऱ्या आदेशांवर ठरत होते. असे स्तर साथ येण्याआधीच ठरलेले असावेत. आजार पाहून आकडे बदलता येतील. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांना विश्वासात न घेता राबवलेल्या तपासणीने काय ओढवले, हे पुण्याला वेगळे सांगायला नको.

खरेदीचेही तसेच. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० नुसार निविदेविना तातडीची खरेदी करता येते. पण लेखापरीक्षणाचा आक्षेप दोन-तीन वर्षांनी येतो, म्हणून चांगला अधिकारी सही करायला कचरतो आणि धीट पुरवठादार दर चढवतो. ऑक्सिजन, पीपीई किट, रुग्णवाहिका, जेवण यांचे दरकरार, म्हणजे फक्त दर ठरवणारे करार, दरवर्षी आधीच करून ठेवावेत; किती घ्यायचे ते मात्र मोकळे ठेवावे. तरीही कलम ५० वापरावे लागलेच, तर दर आणि कारण सात दिवसांत संकेतस्थळावर टाकावे.

लसीकरणाने शिकवलेलेही विसरू नये. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी फक्त ऑनलाइन होती. स्मार्टफोन नसलेले मागे पडले आणि त्याच महिन्यात सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा द्यावी लागली. प्रत्येक ऑनलाइन सेवेसोबत कागदी खिडकी पहिल्या दिवसापासून हवी.

या सगळ्याच्या रंगीत तालमीसाठी पुढच्या महामारीची वाट पाहण्याचे कारण नाही. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण दरवर्षी वाढतातच. त्यांच्या यादीवर नवा पत्त्याचा नमुना वापरावा आणि अहवाल आल्यापासून क्षेत्रीय कार्यालयाचा माणूस दारात पोहोचेपर्यंत किती तास लागले, ते दर आठवड्याला कार्यालयनिहाय जाहीर करावे.

आपला,
सार्वजनिक आरोग्य प्रशासनाचा एक अभ्यासक, पुणे