डिसेंबरात येत नाहीये, आधी पूर्ण वाचा मग रागवा

न्युर्नबर्ग (जर्मनी), रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा राहिलं. आई मध्येच विचारते, "मुलांसाठी काय काय करून ठेवू?" आणि माझी जीभच उचलत नाही. म्हणून आता लिहूनच टाकते. आम्ही २० तारखेला येत नाहीये. चौघांची तिकिटं रद्द केलीत. माझं एकटीचं जानेवारीचं काढलंय. ११ ला रविवारी घरी पोचते, १५ ला गुरुवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांशी मी स्वतः बोललेय आणि तारीख घेऊन टाकलीय. तुम्हाला न विचारता घेतली, हो. विचारलं असतं तर "बघू, उन्हाळ्यात" झालं असतं.

आणि आई, शेजारच्या काकूंवर अजिबात संशय घेऊ नकोस, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. मला कंदिलामुळे कळलं. दिवाळीत बाबांनी व्हिडिओ कॉलवर गोल फिरवून दाखवला ना, तेव्हा. बाबा, एक पांढरी एक फिकी पिवळी अशा आलटून पालटून झिरमिळ्या लावायच्या ही तुमची पद्धत, कामट्या तासून झाल्या की तुम्ही खळ शिजवायचात आणि मी पुढ्यात मांडी घालून पट्ट्या हातात देत जायचे, पांढरी, पिवळी, पांढरी, पिवळी, आणि चुकून दोन पांढऱ्या दिल्या की तुम्ही न बोलता एक परत करायचात. यंदा एका बाजूला सलग तीन पांढऱ्या आणि मागच्या अंगाला सगळ्या पिवळ्या. मी म्हटलं छान झालाय बाबा, आणि फोन ठेवून किचनमध्ये जाऊन उभी राहिले. मोतीबिंदू वाढला की पांढरंसुद्धा पिवळट दिसतं, एवढं मला माहीत होतं. मग आईला खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं की डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलंय आणि तुम्ही "मुलं येऊन गेली की करू" म्हणून गप्प बसलात. म्हणजे आम्ही येणार म्हणून तुम्ही अंधुक डोळ्यांनी चार महिने काढणार. हे मला नाही चालणार बाबा.

लगेच का नाही, असं आई विचारेलच. इथे शाळा ६ जानेवारीपर्यंत बंद, दोन्ही पोरं घरात, तुमच्या जावयाला ऑफिस, त्यात मी नसले तर सगळाच गोंधळ. शाळा सुरू झाली की त्याला जमेल. शिवाय बाबांची शुगर खाली यायला हवी, त्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. महिनाभर आहे हातात.

मग सगळेच जानेवारीत का नाही, तर मोठी आता पहिलीत आहे. इथे शाळा बुडवणं म्हणजे आपल्यासारखं "गावाला गेलो होतो" अशी चिठ्ठी देऊन भागत नाही. २०१८ मध्ये इथल्याच विमानतळावर सुट्टी लागायच्या आधी पोरांना घेऊन निघालेल्या आईबापांना पोलिसांनी धरलं होतं, दंडसुद्धा होतो. आणि मागच्या डिसेंबरची गंमत आठवा ना, सोळा दिवसांत आठ सासरी, पाच तुमच्याकडे, उरलेले प्रवासात नाहीतर छोटूच्या खोकल्यात. तुझ्या मांडीवर तो झोपला तेवढीच काय ती भेट. सासूबाईंनाही कळवलंय, त्या दोन दिवस गप्प होत्या, आता बोलतात.

एवढी कारणं दिली पण अजून एक आहे. मला थोडंसं इथे राहायचंही होतं. मुलांना यंदा पहिल्यांदाच इथल्या नाताळचं सगळं कळतंय. मोठी दिवस मोजते. दरवर्षी ऐन मजा सुरू झाली की आपण बॅगा भरतो, असं तिने एकदा म्हटलं आणि मला उत्तर सुचलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडे यायला नको असं नाही म्हणत ती. आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहायचं तिच्या डोक्यात अजून पक्कं आहे (यापुढे ते बंद, त्यावर खाली लिहितेच).

इथे आत्ता सव्वाचारला सूर्य मावळतो, तुमच्याकडे तेव्हा पावणेनऊ, आई ताटं घेत असते. एवढा अंधार असतो म्हणूनच बहुतेक ह्या लोकांनी नोव्हेंबरपासून दिवेच दिवे करून ठेवलेत. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस असतो, पोरं शाळेत कागदाचे कंदील करतात आणि संध्याकाळी काठीला लावून गाणी म्हणत रांगेने फिरतात, पुढे घोड्यावर एक जण बसलेला. आपला आकाशकंदील दिवाळीपासून खिडकीतच होता, मी आळसाने काढला नव्हता. तर मोठीने बाईंना सांगितलं, "आमच्याकडे मार्टिन तीन आठवडे आधीच येतो." लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे हिशोब अगदी बरोबर! तो मार्टिन म्हणे थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा तलवारीने कापून देतो. मी गोष्ट सांगितली आणि मला पुलाखालच्या माणसाला नवाकोरा स्वेटर देऊन आलेले बाबा आठवले, आई दोन दिवस बोलली नव्हती. आई, अर्धाच द्यायला हवा होता का गं?

डिसेंबरच्या १ तारखेपासून २४ पर्यंत रोज एक छोटी भेट उघडायची असते. विकतची कॅलेंडरं मिळतात चॉकलेटची, पण मी यंदा खिसे शिवले, २४. तुझ्या त्या हिरव्या साडीचे. रागावू नकोस, काठाजवळ उंदराने कुरतडलेलीच होती आणि तूच म्हणाली होतीस पायपुसणं कर. आठ नंबरचा खिसा बरोबर पदरावर आलाय. आत कधी चिक्की, कधी स्टिकर, कधी नुसती चिठ्ठी की आज आंघोळीत अर्धा तास खेळायची परवानगी. छोटू रोज सकाळी उठला की आधी साडीकडे पळतो. साडीला नाक लावून बसतो थोडा वेळ. वास काही उरला नसेल तिला, पण मीही लावून पाहिलं.

परवा रात्री निकोलाउस, म्हणजे मुलांना मेवा देणारे संत. ५ तारखेला बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचा, सकाळी त्यात मेवा सापडतो. मी दोघांचे बूट ठेवले आणि दिवा बंद करायला गेले तर तिसरं काहीतरी दिसलं. बाबा, तुमची कोल्हापुरी. मागच्या उन्हाळ्यात कपाटाखाली राहिलेली. मोठीने ओल्या फडक्याने पुसून, वर माझं हातांचं क्रीम चोळून चकचकीत करून ठेवली होती, एकच पाय, कारण एकच ठेवायचा असतो. आता चपलेत मेवा राहणार कसा? शेवटी अंगठ्याच्या पट्ट्यात एक संत्रं अडकवलं, टाचेवर तीन अक्रोड आणि चॉकलेटचा एक निकोलाउस. सकाळी चॉकलेट गायब. विचारलं तर म्हणाली, "आजोबांना शुगर आहे ना."

नाताळच्या बाजाराला जाऊन आलो दोनदा. हाउप्टमार्क्टला, म्हणजे मुख्य चौकात, मोठा आणि शेजारी मुलांचा वेगळा, तिथे जुन्या पद्धतीचं मेरी-गो-राउंड आहे. आम्ही आपले बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या गरासोबत खाऊन येतो, बाकी सगळं सॉसेज. बाजाराचं उद्घाटन क्रिस्टकिंड करते, सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली मुलगी, चर्चच्या सज्जातून. दर दोन वर्षांनी गावातली एक निवडतात, आणि २०१९ मध्ये जिला निवडलं तिचे वडील मूळचे भारतातले. त्यावर काही लोकांनी घाणेरडं लिहिलं होतं, पण गाव तिच्या बाजूने उभं राहिलं. तेव्हापासून मला हा बाजार जरा आपला वाटतो. मोठीने विचारलं, मला होता येईल का. म्हटलं का नाही, पण वय १६ तरी हवं, उंची निदान १६० सेंटीमीटर आणि वर उभं राहून चक्कर यायला नको. आता आई, तुझ्या माहेरची उंची आणि बाबांची चक्कर, पोरीचं कसं व्हायचं!

२४ ला दुपारी ती चर्चमधल्या मुलांच्या नाटकात मेंढी आहे. मैत्रिणीमुळे. बाबा काही म्हणणार नाहीत, आई, तुला कसंतरी वाटेल हे कळतं मला. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर शुभंकरोती होतं आपल्याकडे, अजूनही, छोटू "शत्रुबुद्धी" ला अडखळतो पण म्हणतो. मेंढीने काही बिघडत नाही गं. संवाद तरी काय, इथली मेंढी "बें" नाही म्हणत, "मॅ" म्हणते, तेवढंच. मी व्हिडिओ काढून पाठवेन, शेवटून दुसरी मेंढी.

आणि खायचे हाल होतील का वगैरे अजिबात मनात आणू नका. २४ ला दुपारी दोनला दुकानं बंद, मग २५ आणि २६ पूर्ण बंद, हे आता दहा वर्षांत अंगवळणी पडलंय. पीठ, तांदूळ, तूप, सगळं भरलंय. २५ ला पुरणपोळी. घरात हिटर असतो, तुम्ही राहून गेलात म्हणून माहितीये, पण तेव्हा उन्हाळा होता म्हणून परत सांगते, घरात मुलं बनियनवर फिरतात. बाहेर जाताना आतून लोकरी, मग स्वेटर, मग जाड सूट, कांद्यासारखी सोलावी लागतात परत आल्यावर. बालवाडीत थंडीतही रोज अंगणात सोडतात, पहिल्या वर्षी मी रडले होते, आता नाही रडत. व्हिटॅमिन डीचे थेंब रोज देते. सर्दी झाली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, तू शिकवलीस तशीच. छोटू तिला "आजीची पिशवी" म्हणतो.

बरं आता कामाचं.

बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर बंद. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो हे तुम्हीच आईला म्हणालात, मला नाही सांगितलंत. दिवसासुद्धा फक्त मंडईपर्यंत. किल्ली आईकडे. मोतीबिंदू पिकू दे, थंडी जाऊ दे, हे सगळं जुनं झालं, डॉक्टर म्हणाले पिकायची वाट बघितली तर उलट काढायला अवघड जातो, आणि मोसमाचा काही संबंध नाही. डोळ्यात थेंब टाकून करतात, वीसेक मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी. घाबरण्यासारखं काही नाही. घाबरला असाल तर तसं सांगा, मी आहे ना, माझ्या टॉन्सिलच्या वेळी तुम्ही रात्रभर स्टुलावर बसला होतात, मला कुल्फी मिळाली होती. तुम्हाला शुगरमुळे मिळणार नाही.

आई, सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला दोघं जा, बाबांचं तीन महिन्यांच्या सरासरीचं पण करायला सांग. कागद फोटो काढून पाठव, वाचून दाखवू नकोस, मागच्या वेळी तू दोन आकडे गाळलेस, मला कळलंय. बाबांचे कंदी पेढे बंद, पाहुण्यांसाठी आणलेले सुद्धा, डबा कुठे असतो ते मला माहितीये आणि त्यांनाही. ऑपरेशननंतर डोळ्यावर पाणी नाही, चोळायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, थेंबांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावून जाईन. चहा मात्र चालेल, बिनसाखरेचा, तोंड करू नका.

आणि छोटूचं बोरन्हाण राहिलंय. संक्रांतीला मी तुमच्याकडे असेन, रथसप्तमी २५ जानेवारीला आहे, त्याच्या आत परत आले की इथे करू. हलव्याचे दागिने मी तिथूनच घेऊन जाणार. तू करायला बसू नकोस गं, चार तास शेगडीपुढे बसून परात हलवायची आणि मग गुडघा धरायचा, बाजारात छान मिळतात. निदान मुकुट तरी विकतचा घे. फार वाटलंच तर बाजूबंद कर, दोनच. मी काही बोलणार नाही.

खोलीत माझ्यासाठी वेगळी गादी वगैरे काढू नका, मी आईजवळ झोपेन.

२४ ला रात्री तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतील तेव्हा फोन करू, जागे राहा, इथे त्या वेळी भेटी उघडतात. तुमच्या मोठ्या नातीने आजोबांसाठी बाजारातून एक माणूस घेतलाय, सुक्या आलुबुखारांचा, डोकं अक्रोडाचं, हातात वर्तमानपत्र. तो मी घेऊन येईन. शोभेचा आहे, खायचा नाही. चप्पलही आणतेय, दोन्ही पाय.

मुंबईला घ्यायला यायचं नाही, टॅक्सी ठरलीये. आणि बाबा, साताऱ्यात शिरले की मी फोन करणार आहे, तेव्हा कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभे दिसलात ना, तर बघा.

तुमची,
चिऊ