ऊन तापलं म्हणजे कोळंबी वाढली, असं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेततळ्यात कोळंबी पाळण्याविषयीचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. गरम पाण्यात कोळंबी झपाट्याने वाढते, तेव्हा सोलापूरचं ऊन आता वरदान ठरेल, असं त्यात छापलं आहे. आमच्या सांगोल्याकडची दोन-तीन पोरं ते कात्रण घेऊन आज सकाळीच माझ्याकडे आली होती. कर्ज काढायच्या बेतात आहेत.

कोळंबीच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर वर-खाली होतं. त्यामुळे पाणी कोमट झालं की तिची भूक वाढते, कात लवकर लवकर टाकते, वजन धरते. इथपर्यंत लेख बरोबर आहे. पण व्हेनामीला, म्हणजे तळ्यात पाळतात त्या जातीच्या कोळंबीला, मानवतं ते साधारण २८ ते ३२ अंशांचं पाणी. पारा त्याच्या वर गेला की खाल्लेलं अंगी लागत नाही, नुसतं जगण्यातच खर्च होतं. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. म्हणजे कोळंबीला श्वास जास्त लागतो नेमका तेव्हाच तो मिळत नाही. हे एक वाक्य लेखात असतं तरी मी गप्प बसलो असतो.

माझ्या मेहुण्याची पालघरकडे खाडीलगत तळी आहेत. एका एप्रिलमध्ये मी तिथेच होतो. खाद्य विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "गरमी आहे, माल खातोय, खाद्य वाढवा." मेहुण्याने चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात सोडलेलं तबक, उचलून दाखवला. त्यात निम्मं खाद्य तसंच फुगून पडलेलं. तरी तो माणूस हटेना, काउंट (किलोत किती कोळंब्या बसतात तो आकडा) सुधारायचा तर हीच वेळ म्हणाला. उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, आणि कुजणाऱ्या वस्तूलाही ऑक्सिजन लागतोच. चौथ्या दिवशी पहाटे कोळंबी मिशा वर काढून बांधालगत गोळा झालेली. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर चालू होते, तरी पुरले नाहीत. उजाडल्यावर जाळं फिरवलं तर मेलेल्या मालात नुकतीच कात टाकलेली, बोटाने दाबली जाणारी कोळंबीच जास्त होती. खाद्याचं बिल मात्र महिनाअखेरीस पूर्ण आलं. तो माणूस नंतर फोन उचलत नव्हता.

तिथे निदान खाडीचं पाणी आत घेता येतं. आमच्या शेततळ्यात काय घेणार? काळा प्लास्टिक कागद, वर चाळीसच्या पुढचं ऊन, आणि मे महिन्यात डाळिंबाला पाणी उपसून तळं कमरेएवढं उरलेलं. उथळ पाणी दुपारी लवकर तापतं आणि पहाटे लवकर उतरतं. एकाएकी वळवाची सर आली की आणखी उतरतं. कोळंबीला हा चढउतारच सोसत नाही. ती खाणं सोडते, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला अशीच वेळ सापडते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ खुंटते ती वेगळीच. लेखात वर्षाचं सरासरी तापमान दिलं आहे. कोळंबी सरासरीत राहत नाही, त्या त्या दिवसाच्या, त्या त्या तासाच्या पाण्यात राहते.

कमी खारं पाणी व्हेनामीला चालतं, पण त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा मेळ लागतो. त्याचाही उल्लेख नाही. आणि एरेटर कशावर चालवायचे? शेतीची थ्री फेज पाळीने येते. पहाटे चारला, म्हणजे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तेव्हा, ती नसली तर डिझेल जाळायचं का? हा खर्च लेखातल्या नफ्याच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

कोळंबीला माझा विरोध नाही. हरियाणात जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर लोक ती पिकवतात. पण तळ्यातल्या पाण्याचं तापमान पहाटे आणि दुपारी, तळाशी आणि वर मोजल्याशिवाय कोणी बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडू नये, एवढं तरी आपण त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं ही विनंती.

जाता जाता आणखी एक. उजनी धरणाची पाणीपातळी आपण पूर्वी रोज पहिल्या पानावर देत होता. गेले काही महिने ती आत जाहिरातींच्या खाली जाते, कधी येतच नाही. आम्ही पेपर त्या आकड्यासाठी घेतो. तो परत पहिल्या पानावर आणावा.

आपला नियमित वाचक,
सांगोला, जि. सोलापूर